नवस अर्धा राहिला तर?

आदरणीय ताई,

माझं वय 38, मिस्टरांचं 42. लग्नाला बारा वर्षं झाली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आम्हाला मूल नाही. दोनदा आयव्हीएफ केलं. पहिल्या वेळी काहीच झालं नाही. दुसऱ्या वेळी रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, घरात पेढे वाटले आणि नवव्या आठवड्यात ठोके थांबले. साडेपाच लाख गेले. माझ्या पाटल्या आणि गंठण बँकेत आहे.

माहेर वारकरी, वडील अजून टाळ घेऊन भजनाला जातात. सासर देवीचं. सासूबाईंनी तुळजापूरला नवस बोललाय, नातवंड झालं की चांदीचा पाळणा आणि गोंधळ. तिथल्या चिंतामणीवर त्यांनी हात ठेवला तेव्हा तो उजवीकडे फिरला, म्हणून 'हो'च आहे असं धरून सगळे तिसऱ्यांदा करा म्हणतात. मिस्टर एकदा हळूच म्हणाले, आपण थांबू, दत्तकाचं बघू. मला पटतंही, पण थांबणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं वाटतं. जाऊबाई म्हणतात, तुझीच श्रद्धा कमी पडते. मी एकवीस गुरुवार केले, निर्जळी उपास केले. आता वर्ष झालं, संध्याकाळी दिवा लावायला हातच जात नाही. भावकीच्या ग्रुपवर 'ठेविले अनंते तैसेचि राहावे' लिहिलेले फोटो येतात. बघून चीड येते, आणि चीड आली म्हणून अपराधी वाटतं.

देवावर विश्वास ठेवायचा म्हणजे नक्की करायचं काय? आणि पुढच्या महिन्यात नणंदेचं डोहाळजेवण आहे. जाऊ का?

— एक वाचक, सांगली जिल्हा

*

तुमच्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण ज्याबद्दल तुम्ही अर्ध्या वाक्यात लिहून पुढे गेलात तिथेच मी आधी थांबते. नवव्या आठवड्यात ठोके थांबले. त्यानंतर तुमच्या घरात काय झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण साधारण काय होतं ते ठाऊक आहे. आपल्याकडे नव्वदीतले आजोबा गेले तरी दहावं असतं, तेरावं असतं, माणसं भेटायला येतात, शेजारून पिठलं-भाकरी येते. जे बाळ जन्मालाच आलं नाही त्याच्यासाठी यातलं काही नाही. पेढे ज्यांना दिले त्यांना फोन करून सांगायचं कसं, एवढाच प्रश्न उरतो. चार दिवसांची रजा टाकायची आणि पाचव्या दिवशी हजेरीपट उघडून नावं पुकारायची. बाईने रडून घ्यावं म्हणून कुणी जागाच ठेवलेली नाही. मग ते न रडलेलं रडू कुठे तरी जातंच. तुमच्या बाबतीत ते देव्हाऱ्यासमोर जाऊन बसलंय असं मला वाटतं. जाऊबाई ज्याला श्रद्धेची कमतरता म्हणतात, त्याला मी शोक म्हणेन. दिव्याकडे हात जात नाही यात पाप नाही. सुतकात आपण देवपूजा बंदच ठेवतो की.

तुम्ही दोघांनी मिळून त्या बाळाचं काही केलं का? झाड लावा, कुणाला अन्न द्या, नदीवर जाऊन या, वडिलांच्या भजनात एक अभंग त्याच्या नावाने म्हणायला सांगा. रीत नाही म्हणून करायचं नाही असं कुठे लिहिलंय? रीत कुणी तरी कधी तरी सुरू केलेलीच असते. मिस्टरांना मात्र वगळू नका. पुरुषाला तर या बाबतीत 'बायकोला सांभाळ' यापलीकडे कुणी काही विचारतच नाही.

आता जाऊबाईंचा हिशोब बघू. श्रद्धा पुरेशी असली की मूल होतं आणि नाही झालं तर श्रद्धा कमी पडली. म्हणजे भिशीच झाली. हप्ते वेळेवर भरले, आता आपला नंबर लागायलाच हवा, आणि नाही लागला तर एखादा हप्ता चुकला असणार. हा हिशोब इतका सोयीचा आहे की तो कधी चुकतच नाही, कारण चूक दर वेळी भरणाऱ्याची. तुमच्या गावात ज्यांना चार-चार पोरं आहेत त्यांच्या श्रद्धेची मोजदाद कुणी केली का? देवाचं नावही न घेणाऱ्यांच्या घरी पाळणे हललेत, आणि माळ घालून चाळीस वर्षं वारी करणाऱ्यांच्या घरी हलले नाहीत. हे तुमच्या जाऊबाईंनाही दिसतं. त्या तुम्हाला दोष देतात तो बहुधा दुष्टपणाने नसेल. कारण सापडलं की माणसाला बरं वाटतं, एवढंच. ते कारण तुमच्या खांद्यावर का ठेवून घ्यायचं, हा प्रश्न तुमचा.

आणि तुम्ही तर वारकऱ्याची लेक. 'नवसे कन्यापुत्र होती, तरि का करणे लागे पती' हे तुकोबांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. वडिलांना पाठ असणार. आजच्या भाषेत सांगायचं तर तुकोबा म्हणतात, मुलं होण्याचा मार्ग शरीरातून जातो. तो मार्ग अडला तर डॉक्टर बघतात. तिथे देवाला मध्ये घातलं की देवाचीही पंचाईत आणि बाईचीही.

सासूबाईंच्या नवसाला मी हसत नाही, हेही सांगते. त्या बाईंच्या हातात दुसरं काय होतं? त्यांना इंजेक्शन देता येत नाही, तुमच्या रिपोर्टातले आकडे कळत नाहीत. चांदीचा पाळणा ही त्यांची तुमच्यासाठी काही तरी करण्याची रीत आहे. नवस बोलणं वाईट नाही. तो बोलून झाल्यावर सुनेच्या शरीरावर त्याची वसुली लावणं वाईट.

चिंतामणीचं म्हणाल तर त्या गोल दगडावर दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न धरायचा, उजवीकडे फिरला तर होकार, डावीकडे फिरला तर नकार, जागचा हलला नाही तर काम लांबणार, असं तिथे मानतात. कोकणात देवाला पाकळ्या लावून कौल घेतात, त्यातलाच हा प्रकार. आता माणूस इतक्या आशेने हात ठेवतो की त्या हातात आशेचं वजन उतरतंच, असं माझं आपलं मत. तुम्ही ते मानू नका हवं तर. पण एक बघा. शिवाजी महाराजही मोहिमेआधी तिथे कौल लावत असं लोक श्रद्धेने सांगतात. कौल मिळाला म्हणून महाराजांनी गडाचे पहारे उठवले, असं मात्र कुणी सांगत नाही. कौलाने माणसाचा जीव थोडा थाऱ्यावर येतो. पुढचं बघायचं ते आपले डोळे उघडे ठेवूनच. आणि मूल कोणत्या वाटेने घरी येणार हे त्या दगडाने सांगितलं का? सासूबाईंनी तरी तसं विचारलं होतं का?

ग्रुपवरच्या फोटोंबद्दल तुमची चीड मला अगदी रास्त वाटते. 'ठेविले अनंते' लिहिणारा माणूस कोण होता ते त्या फोटोतल्या गुलाबांवरून कळत नाही. 1630 च्या सुमाराचा दुष्काळ. देहूच्या चांगल्या खात्यापित्या वाण्याच्या घराचं दिवाळं निघालं. पहिली बायको 'अन्न अन्न' करत मेली, हे तुकोबांनी स्वतःच लिहून ठेवलंय. मुलगाही गेला असं परंपरा सांगते. त्या सगळ्यातून गेल्यावर तो माणूस स्वतःच्या चित्ताला समजावतोय. ते स्वतःला सांगायचं असतं. शेजारणीला सकाळी साडेसहाला पाठवायचं नसतं. शिवाय त्याच गाथेत 'माझे लेखी देव मेला' असा एक अभंग आहे. माझ्यापुरता देव मेला, आता त्याच्याशी बोलणं नाही, त्याचं नाव घेणं नाही, आमचं तुटलं, असं सरळ म्हटलंय त्यात. त्याचा फोटो मात्र कुणी ग्रुपवर टाकत नाही. दोन्ही अभंग एकाच माणसाचे. समाधान आणि भांडण एकाच घरात नांदत होते, आणि भांडणाच्या दिवशी तुकोबा अभक्त झाले असं आजवर एकाही कीर्तनकाराने म्हटलेलं मी ऐकलं नाही. तुमचा वर्षभराचा अबोला त्यापुढे काय आहे?

यात तुकोबांपेक्षाही तुमच्या जवळची वाटेल ती जनाबाई. गंगाखेडची पोर, लहानपणीच नामदेवांच्या घरी आली आणि दळण-कांडण करत तिथेच तिचं आयुष्य गेलं. नवरा नाही, घर नाही, मूल नाही. आपल्या समाजाच्या मापाने बाईचं आयुष्य जितकं अपुरं म्हणता येईल तितकं अपुरं. 'विठू माझा लेकुरवाळा' हा अभंग तिचा आहे, हे म्हणताना आपल्या लक्षातच राहत नाही. निवृत्ती खांद्यावर, सोपानाचा हात धरलेला, ज्ञानेश्वर पुढे, मुक्ताई मागे, गोरा कुंभार मांडीवर, बंका कडेवर, नामा करंगळी धरून. विठोबाच्या अंगाखांद्यावर सगळ्यांना तिने नेमून जागा दिली. त्या यादीत जनी मात्र कुठेच नाही. ती बाजूला उभी राहून मोजतेय. मला ते नेहमी खटकतं आणि त्याच वेळी फार खरंही वाटतं. डोहाळजेवणात ओटी भरायला लेकुरवाळ्यांना पुढे बोलावतात तेव्हा तुम्ही ताटातल्या खणांच्या घड्या सारख्या करत उभ्या राहत असाल, तशी ती त्या अभंगात उभी आहे.

आणि हीच जनी अंगणात उभी राहून देवाला शिव्या घालते. 'अरे विठ्या' पासून सुरुवात आहे, पुढचे शब्द मी सदरात छापले तर संपादक फोन करतील. 'उभी राहुनी अंगणी, शिव्या देत दासी जनी' असा त्या अभंगाचा शेवट. या शिव्यांबद्दल तिला कुणी देवाची क्षमा मागायला लावली नाही. सातशे वर्षं झाली, माणसं तो अभंग टाळ वाजवून म्हणतात.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाला हात घालते. देवावर विश्वास ठेवायचा म्हणजे करायचं काय?

अमुक एक गोष्ट मला मिळणारच अशी मनाची खात्री करून घेणं, यालाच आपण विश्वास म्हणत आलोय. ती गोष्ट नाही मिळाली की मग विश्वासच गेला असं वाटतं. पण ती खात्री निकालावर होती, देवावर नव्हती. मूल होईल यावर विश्वास ठेवणं आणि देवावर विश्वास ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि बारा वर्षांत पहिल्याने दुसऱ्याची जागा कधी घेतली हे तुम्हाला कळलंच नाही. बहुतेकांना कळत नाही. मला जो विश्वास कळतो तो फार साधा आहे. पुढे काय होणार ते ठाऊक नसताना आज जे डोळ्यांसमोर आहे ते नीट करायचं, आणि त्याच्याशी बोलणं तोडायचं नाही. त्या बोलण्यात रडणं चालेल, टोमणे चालतील. 'तू आहेस का तरी?' हेही चालेल. गप्प बसणंही चालेल, आपण कुणासमोर गप्प बसलोय ते मनाला माहीत असलं की झालं.

तुम्ही म्हणाल, याने काय मिळणार? मूल मिळेल असं मी म्हणणार नाही. पण देवाने नापास केलं हा जो शिक्का तुम्ही स्वतःच्या कपाळावर मारून घेतलाय, तो निघेल. तो निघाल्याशिवाय पुढचा निर्णय तुम्हाला सरळ घेता येणार नाही. आत्ता तुम्ही तिसरा प्रयत्न करायला निघालात तर तो मुलासाठी असेल की स्वतःची श्रद्धा सिद्ध करण्यासाठी, हे तुमचं तुम्हालाही सांगता यायचं नाही.

सोयराबाईची गोष्ट तुम्ही लहानपणी कीर्तनात ऐकली असेल. चोखोबांची बायको. घरात मूल नाही म्हणून ती झुरत असे. मग विठोबा म्हाताऱ्याच्या रूपात दारात आला, तिच्या हातचं जेवला आणि पुढे मुलगा झाला, अशी कथा आहे. कीर्तनकार इथे थांबतात आणि गजर होतो. पण तो मुलगा कर्ममेळा मोठा झाला, त्याने स्वतः अभंग लिहिले, आणि त्यात देवाला काय विचारलं? आम्हाला हीन जातीत घातलंस, उष्टं खाण्यात जन्म गेला, तुझ्या चित्ताला लाज कशी वाटत नाही? ज्या बापाला देवळात पाऊल ठेवू दिलं नाही त्याचा हा मुलगा. देवाच्या कृपेने झालेलं मूल देवालाच जाब विचारतं! मला ही गोष्ट फार आवडते, कारण तीत मागितलेलं मिळालं की सगळं पुरं झालं, असं होत नाही. सोयराबाईचं आयुष्य मूल झाल्यावरही त्या गावात, त्या काळात अपुरंच होतं. मूल असलेल्या तुमच्या मैत्रिणींना एकेकटं गाठून विचारा. 'काही तरी राहिलंय' ही भावना कुणाकुणाला आहे ते कळेल. त्याने तुमचं दुःख कमी होणार नाही. पण बाकी सगळ्यांची आयुष्यं भरलेली आणि आपलंच तेवढं रिकामं, हा जो समज हळदीकुंकवांतून होतो तो थोडा उतरेल.

तर थांबायचं की तिसऱ्यांदा करायचं. हा निर्णय देवाचा नाही, तुम्हा दोघांचा आहे, आणि त्यासाठी लागणारी माहिती देव्हाऱ्यात नाही, डॉक्टरांकडे आहे. वेळ घेऊन दोघं मिळून जा आणि प्रश्न लिहून न्या. दोन्ही वेळा का जमलं नाही याबद्दल तुमचं काय मत? तिसऱ्या वेळी वेगळं काय करणार आहात? माझ्याच बीजांडांवर या वयात शक्यता किती? भ्रूण गोठवून ठेवलेले आहेत का? सगळा खर्च धरून आकडा किती? पस्तिशीनंतर बीजांडांची संख्या आणि प्रत दोन्ही भराभर उतरतात, चाळिशीनंतर आणखी. त्यात तुमच्या उपासतापासांचा काही संबंध नाही. मिस्टरांच्या तपासण्या नव्याने झाल्या आहेत का तेही विचारा. मूल न होण्याच्या कारणांत पुरुषाच्या बाजूचाही मोठा वाटा असतो आणि आपल्याकडे तो तपासायचा राहून जातो. उत्तरं गोलमोल आली तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, त्यात कुणाचा अपमान होत नाही. 2021 च्या कायद्याप्रमाणे या केंद्रांची नोंदणी असणं आणि जोडप्याला समुपदेशन मिळणं बंधनकारक आहे. ते मागायला लाजू नका.

मग घरी येऊन दोघांनी ठरवा. करायचं ठरलं तर सुरू करण्याआधीच 'हा शेवटचा' की 'अजून एक' ते कागदावर लिहा आणि पैशांची मर्यादाही लिहा. निकालाच्या दिवशी ते ठरवता येत नाही. त्या दिवशी माणूस काहीही कबूल करतो. आणि थांबायचं ठरलं तर थांबा. थकलेल्या शरीराला विश्रांती देणं यात देवाचा कसला अपमान? ते शरीरही त्यानेच दिलंय, असं तुम्ही मानता ना? पाटल्या आधी सोडवून आणा. त्यासाठी मूल व्हायची वाट बघायची गरज नाही.

निर्जळी उपास बंद. उपचार चालू असताना तर मुळीच नको. आणि उपचार करायचे नसतील तरीही दिवसभर वर्गात उभं राहून शिकवणाऱ्या बाईने पाण्याशिवाय राहू नये. एकादशीला भगर आणि दाण्याची आमटी खाऊन वारकऱ्यांची भक्ती कुठे कमी झाली? कुणी आणून दिलेलं चूर्ण, काढा, अंगारा पोटात घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. हजारो रुपये घेऊन मूल करून देणारा एखादा महाराज अजून कुणी सुचवला नसेल तर सुचवतील. तिकडे पाऊलही टाकू नका. अशांसाठीच 2013 मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झालाय.

आणखी एक, तुम्ही लिहिलं नाही म्हणून विचारते. झोप लागते का? शाळेत मन लागतं का? नकोच हे सगळं, असं वाटतं का? तसं असेल तर ते भक्तीने बरं होण्याची वाट बघत बसू नका. 14416 हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. जवळ मानसोपचारतज्ज्ञ असतील तर त्यांना भेटा.

दिव्याचं म्हणाल तर सासूबाई लावतात ना? लावू देत. तुम्हाला जेव्हा लावावासा वाटेल तेव्हा लावा, आणि नाही वाटला तर त्याचं प्रायश्चित्त घेत बसू नका. त्यापेक्षा एखाद्या एकादशीला वडिलांसोबत भजनाला जाऊन बसा. काही मागू नका, नुसतं बसा. लहानपणी तुम्ही त्या घरात जो देव पाहिलात त्याच्याकडे कुणी काही मागत नव्हतं, हे तुम्हाला तिथे आठवेल. जमलं तर आषाढीच्या वेळी पालखीबरोबर एखादा मुक्काम चाला. दिंडीत बाईला 'मुलं किती?' असं विचारायच्या आत 'माउली, जरा सरका' असं म्हणतात. मिशाळ हवालदारालाही तिथे माउलीच म्हणतात.

नणंदेच्या डोहाळजेवणाला जायचं की नाही ते त्या दिवशी सकाळी ठरवा. आज वचन देऊ नका. मात्र नणंदेला आधी एक फोन करा. तिला आनंद आहे आणि तुमच्यामुळे तो लपवावा लागतोय, अशी ती अवघडलेली असणार. 'मला तुझा आनंद आहे आणि मला त्रासही होतो, म्हणून मी आले तर लवकर निघेन' एवढं सांगितलं की दोघींचं ओझं उतरतं. गेलात तर ओटीच्या वेळी स्वयंपाकघरात जायचं निमित्त शोधू नका. बसायचं असेल तर पाटासमोर बसा. कुणी 'तू नको भरू' म्हणालंच तर उत्तर नणंदेने द्यावं, हेही त्या फोनवरच बोलून घ्या.

सासूबाईंशी बोलायचं काम मिस्टरांचं. आईला सांगणं मुलाला सोपं जातं आणि सुनेने सांगितलं तर त्याचं भांडण होतं. नवस अर्धा राहील ही त्यांची भीती खरी आहे. मागे कुलदैवत कोपेल असं त्यांना वाटतं. त्यांना तर्काने समजावू नका. एकदा तिघं तुळजापूरला जा, देवीची ओटी भरा आणि सासूबाईंनाच म्हणू द्या, 'आई, माझ्या सुनेला आता त्रास नको, जे असेल ते तुझ्यावर सोपवते.' बोललेला नवस देवीसमोरच सोडवून घेतला की त्यांच्या मनातली टोचणी जाईल. वाटलं तर चिंतामणीकडे न जाता परत या.

राहिलं दत्तकाचं. मिस्टर एकदाच आणि हळूच बोलले, म्हणजे त्यांच्या मनात ते बरेच दिवस असणार. दत्तक मूल हे न झालेल्या मुलाची भरपाई नव्हे. तसं वाटत असेपर्यंत घेऊ नका. त्या पोराने कुणाची तरी जागा भरून काढायची, हे ओझं त्याच्यावर नको. जोतिराव आणि सावित्रीबाईंना मूल नव्हतं. दुसरं लग्न कर म्हणणाऱ्यांचं जोतिरावांनी ऐकलं नाही, आणि ज्या विधवेला समाज जगू देईना तिचा यशवंत त्यांनी आपला मुलगा म्हणून वाढवला. जोतिराव निर्मिकाला, म्हणजे सृष्टी घडवणाऱ्याला, मानणारे होते. यशवंतला घरी आणताना निर्मिकावरचा त्यांचा विश्वास कमी झाला, असं म्हणायची कुणाची हिंमत होईल का?

पण व्यवहाराची बाजू बघायलाच हवी. दत्तकाची नोंदणी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे काराच्या, पोर्टलवर होते. दोघांची संमती लागते. 2022 च्या नियमांप्रमाणे दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयाची बेरीज 85 च्या वर चालत नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ती मर्यादा 90 आहे. बेरीज धरतात ती नोंदणीच्या दिवसाची. तुमची आज 80 आहे आणि ती दर वर्षी दोनने वाढते. नोंदणीनंतर लहान बाळासाठी तीन वर्षांहून जास्त थांबावं लागतं. नोंदणी केली म्हणजे मूल घेतलंच असं होत नाही, मध्ये गृहभेट असते, विचार करायला वेळ असतो, नको वाटलं तर माघार घेता येते. म्हणून तिसऱ्या प्रयत्नाचं काय ते ठरेपर्यंत हे लांबणीवर टाकून बसू नका. उद्या मिस्टरांना विचारा, 'तुम्ही त्या दिवशी दत्तकाचं म्हणालात, तेव्हा तुमच्या मनात नक्की काय होतं?' आणि ते बोलतील तेवढा वेळ मध्ये बोलू नका. फॉर्म भरायचं ठरलं, तर सासूबाईंना भरण्याआधी सांगा.